सोसायटीच्या गणेशोत्सवात सर्वांच्या हातांनी कागदी मेंगर स्पंज कसा उभारावा

गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात चित्रकला, वेशभूषा, पाककृती, संगीत खुर्ची असे कार्यक्रम होतात आणि ते व्हावेतच. परंतु या सर्वांत काही जण भाग घेतात आणि उरलेले खुर्च्यांवर बसून पाहतात. पहिलीतले मूल, त्याची आजी, नुकतेच राहायला आलेले भाडेकरू आणि फाटकावरचे वॉचमनकाका या सर्वांच्या हातचे काम एकाच वस्तूत उतरावे अशी इच्छा असेल, तर कागदाच्या घड्यांइतके सोयीचे दुसरे माध्यम मला माहीत नाही. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आल्यापासून कागदी सजावट मंडळांच्या परिचयाची झाली आहे, मात्र ती बहुधा एखाद-दुसऱ्या कलावंत शेजाऱ्याने रात्री जागून केलेली असते. येथे सांगितलेली रचना, म्हणजे मेंगर स्पंज नावाचा आरपार बोगद्यांचा घन, सर्वांनी मिळून एका संध्याकाळी करायची आहे. तिला व्हिजिटिंग कार्डाच्या मापाची १९२ कार्डे लागतात. गोंद, चिकटपट्टी, स्टेपलर यांपैकी काहीही लागत नाही.

सामूहिक घडीकाम म्हटले की प्रथम कागदी पक्ष्यांची आठवण होते. अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गामुळे आजारी पडून दगावलेल्या हिरोशिमाच्या सदाको सासाकी या मुलीमुळे हजार पक्ष्यांची कल्पना जगभर पोहोचली आणि ६ ऑगस्टला आपल्याकडच्या शाळांतही मुले तसे पक्षी करतात. परंतु त्या पक्ष्याला वीसच्या आसपास टप्पे असतात, त्यातील चोच आणि शेपूट काढण्याची घडी नवख्याला पहिल्या बैठकीत क्वचितच जमते, आणि ज्याचा पक्षी अर्धवट राहतो तो तसाच खिशात घालून घरी जातो. सामूहिक कामासाठी रचना निवडताना माझ्या मते कसोटी एकच असावी: ज्याने घडी घातली त्याची घडी रचनेत गेलीच पाहिजे. त्यासाठी घडी अगदी सोपी हवी, जोड थोडीफार चूक सहन करणारा हवा आणि तयार होणारी वस्तू मात्र पाहणाऱ्याला थांबवण्याइतकी देखणी हवी. मेंगर स्पंज या तिन्ही बाबतींत उतरतो, कारण त्याच्या प्रत्येक कार्डाला दोनच घड्या असतात.

ही रचना कार्ल मेंगर या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९२६ साली मांडली. एका घनाचे तीन गुणिले तीन गुणिले तीन असे २७ लहान घन करावेत, सहा बाजूंचे सहा मधले आणि अगदी पोटातला एक असे सात काढून टाकावेत, म्हणजे २० उरतात आणि घनाच्या तिन्ही दिशांनी आरपार चौकोनी बोगदे दिसू लागतात. ही झाली पहिली पातळी. हाच नियम उरलेल्या प्रत्येक लहान घनाला लावत गेले की पुढच्या पातळ्या मिळतात. जॅनीन मोस्ली या अमेरिकन घडीकलाकाराने व्हिजिटिंग कार्डांचा तिसऱ्या पातळीचा स्पंज अनेक स्वयंसेवकांना सोबत घेऊन २००५ साली पुरा केला. त्याला ६६,०४८ कार्डे लागली. पुढे २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अनेक देशांतील लोकांनी आपापल्या गावी एकाच काळात असे स्पंज उभारले. आपल्याला पहिल्या पातळीपासून सुरुवात करायची आहे.

कार्डे गोळा करणे

सर्व यशापयश या तयारीवर अवलंबून असते, म्हणून ती निदान आठ-दहा दिवस आधी सुरू करावी. लागणारे माप साडेतीन इंच गुणिले दोन इंच, म्हणजे सुमारे ८९ गुणिले ५१ मिलिमीटर आहे. बाजारात ९० गुणिले ५४ मिलिमीटरची कार्डेही भरपूर असतात आणि नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. पण दोन्ही मापे एकत्र झाली की काही घन तीन मिलिमीटरने मोठे होतात आणि जोडताना ओळी तिरप्या जातात. त्यामुळे एक कार्ड नमुना म्हणून ठरवून बाकी प्रत्येक कार्ड त्यावर ठेवून पाहावे आणि वेगळ्या मापाचा गठ्ठा बाजूला काढावा. हे काम दोन मुलांना दिले तर ती ते मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे करतात.

लोकांच्या खणांत बदललेल्या नोकरीची, बंद झालेल्या दुकानाची, जुन्या फोन नंबराची कार्डे पडून असतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक निरोप टाकला तर बरीच जमतात. चकचकीत लॅमिनेशन केलेली कार्डे मात्र घेऊ नयेत, कारण त्यांची घडी पुन्हा उघडते. प्लास्टिकची कार्डे तर घडीवर तडकतात. जाडी २५० ते ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) चांगली. त्याहून पातळ कागद वजनाखाली वाकतो आणि जाड पुठ्ठ्याची घडी मुलांच्या बोटांना घालता येत नाही.

जुन्या लग्नपत्रिकांचाही उत्तम उपयोग होतो. त्यांचा कागद जाड आणि चिवट असतो. जवळच्या छापखान्यात कटिंग मशीनवर त्या मापात कापून घ्याव्यात, कारण घरी कात्रीने कापलेल्या कार्डांच्या कडा कधीच समांतर येत नाहीत. पत्रिकेवर गणपतीचे चित्र आणि कुलदेवतेचे नाव असते. त्याला घडी पडणे पुष्कळांना रुचत नाही आणि ते समजण्यासारखे आहे, म्हणून तेवढा भाग आधीच वेगळा काढून ठेवावा. छापखान्यात गेल्यावर चुकीची छपाई झालेल्या कार्डांची आणि कापून उरलेल्या कार्डशीटच्या पट्ट्यांचीही चौकशी करावी.

सांगाड्यासाठी १२० आणि वरच्या आवरणासाठी ७२ असे १९२ कार्डांचे गणित आहे. सरावात आणि चुकांत जाणारी धरून अडीचशे ठेवावीत. सांगाड्याची कार्डे शेवटी पूर्ण झाकली जातात, त्यामुळे ती कशीही रंगीबेरंगी, छापील चालतात. आवरणाची ७२ मात्र नवीन, एक-दोन ठरावीक रंगांच्या कार्डशीटची घ्यावीत. जास्वंदी लाल आणि हळदी पिवळा ही जोडी मांडवाच्या प्रकाशात खुलून दिसते.

कागद आणि भाद्रपदातली हवा यांचे जमत नाही, हे मुंबई-कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. दमट हवेत कार्डे मऊ पडतात आणि घडी सैल होते. जमवलेली कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि कार्यक्रम सुरू होईपर्यंत बाहेर काढू नयेत.

दोन घड्या

एक कार्ड समोर आडवे ठेवावे. दुसरे त्याच्यावर उभे ठेवून अधिकाची खूण करावी आणि दोन्हींचे मध्य एकमेकांवर आणावेत. आता खालच्या कार्डाची दोन टोके वरच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली दिसतील. ती वरच्या कार्डाच्या कडेला टेकवून आत दुमडावीत आणि अंगठ्याच्या नखाने घडी दाबावी. जोडी तशीच धरून उलटी करावी, दुसऱ्या कार्डाची टोकेही त्याच रीतीने दुमडावीत आणि मग दोन्ही कार्डे सोडवावीत. प्रत्येक कार्डाला मध्ये दोन इंचांचा चौरस आणि दोन टोकांना पाऊण-पाऊण इंचाचे दोन कान आलेले असतील. कान उघडून चौरसाशी काटकोनात उभे केले की कार्ड तयार झाले.

या घडीची खरी खुबी अशी की तिला पट्टी लागत नाही. एका कार्डाचा चौरस किती मोठा व्हावा हे दुसऱ्या कार्डाची रुंदीच ठरवते, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाने घातलेली घडी आणि अभियंत्याने घातलेली घडी यांचे चौरस सारखेच येतात. कार्डांचे मध्य थोडे चुकले तर एक कान लांब आणि दुसरा आखूड होतो, पण एवढ्याने काहीही बिघडत नाही. बिघडते ते अधिकाची खूण तिरपी झाली तर. तेव्हा चौरसाचा समांतरभुज चौकोन होतो आणि तो कुठेच बसत नाही. म्हणून मदतनीसांनी मुलांच्या हातांवरून नजर फिरवताना केवळ काटकोन पाहावा आणि कानांच्या लांबीवरून कुणालाही टोकू नये. दृष्टिहीन व्यक्तींनाही हे काम सहज करता येते, कारण दुसऱ्या कार्डाची कड बोटाला लागते आणि तिथेच दुमडायचे असते.

सांगाड्याच्या जोडीत छापील बाजू एकमेकींना तोंड करून ठेवाव्यात, म्हणजे छपाई घनाच्या आत जाते आणि कुणाचे नाव-नंबर बाहेर राहत नाहीत. आवरणाच्या जोडीत याच्या उलट करावे: रंगीत बाजू बाहेर ठेवाव्यात आणि कान उभे न करता पाठीवर सपाट दाबावेत.

मांडवात सतरंजीवर बसून घडी घालायची असेल तर खाली काही तरी टणक हवे, नाहीतर घडी गोलसर राहते. मुलांचे परीक्षेचे पॅड यासाठी अगदी योग्य असते आणि ते घरोघरी असते. बोटे दुखणाऱ्या आजी-आजोबांना घडी दाबण्यासाठी लाकडी पट्टी किंवा स्टीलच्या चमच्याची पाठ द्यावी आणि त्यांच्यासाठी खुर्ची-टेबल वेगळे मांडावे. प्रसादाचे ताट घडीकाम संपल्यावरच फिरवावे, कारण तुपाचा हात लागलेल्या कार्डाचा डाग आवरणावर लगेच उठून दिसतो.

सहा कार्डांचा घन

एका घनाला सहा कार्डे, म्हणजे तीन जोड्या लागतात. येथे एकच नियम आहे आणि तो मोठ्या अक्षरांत लिहून टेबलावर लावावा: सगळे कान बाहेर. प्रत्येक कार्डाचा चौरस घनाची एक बाजू होतो आणि त्याचे दोन कान शेजारच्या दोन बाजूंना बाहेरून धरतात.

पहिले कार्ड कान वर करून टेबलावर ठेवावे, हा तळ. त्याच्या दोन कानांच्या आतल्या अंगाला दोन कार्डे समोरासमोर उभी करावीत. त्यांचे कान उभ्या कडांवर यावेत आणि ज्या दोन बाजू अजून उघड्या आहेत त्यांच्या दिशेला वळलेले असावेत. उघड्या बाजूंना आता चौथे आणि पाचवे कार्ड बसवायचे: त्यांचे चौरस आधीच्या कार्डांच्या उभ्या कानांच्या आत सरकतात आणि त्यांचे स्वतःचे कान वर आणि खाली येतात. खालचे कान तळाच्या बाहेर गेले पाहिजेत, म्हणून या दोन कार्डांसाठी पेटी किंचित उचलून धरावी लागते. येथवर सगळे डळमळीत असते, एक हात सुटला की पाचही कार्डे पसरतात, आणि नवखा माणूस नेमका याच क्षणी हताश होतो.

सहावे कार्ड झाकणाचे. चौथ्या-पाचव्याचे वरचे दोन कान थोडे उघडावेत, झाकणाचा चौरस त्यांच्या खाली सरकवावा आणि झाकणाचे दोन कान दुसऱ्या-तिसऱ्या कार्डाच्या बाहेरून खाली घ्यावेत. मग सहाही बाजूंना तळहाताने हलके दाबावे. हात काढला की घन सुटत नाही. तो टेबलावर टाकला तरी टिकतो, आणि काही क्षणांपूर्वी पसरणारी कार्डे आता एकमेकांना धरून आहेत हे बोटांना स्पष्ट जाणवते. हा क्षण प्रत्येकाला स्वतः अनुभवू द्यावा. मदतनीसाने पाच कार्डे धरून ठेवायला हात द्यावा, पण सहावे कार्ड ज्याचे त्यानेच बसवावे. तयार घनाच्या प्रत्येक बाजूवर समोरासमोरून आलेले दोन कान आणि त्यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या इंचाची फट दिसली पाहिजे. एखादा कान दिसत नसेल तर तो आत अडकला आहे असे समजून ती बाजू पुन्हा करावी.

झाकण बसण्याआधी त्याच्या आतल्या अंगाला आपले नाव, घराचा क्रमांक किंवा मनातली एखादी ओळ लिहायची मुभा ठेवावी. ती कुणीही वाचणार नाही हे आधीच सांगितले की लोक मोकळेपणाने लिहितात.

संध्याकाळची मांडणी

आरती आठला असेल तर पाचला सुरुवात करणे बरे. वीस घन आहेत, म्हणून शक्य असेल तिथे एका घराला एक घन ही वाटणी फार चांगली बसते: तीन जणांनी एकेक जोडी घातली की घराचा घन झाला. घरे जास्त असतील तर दोन शेजाऱ्यांनी मिळून एक घन करावा. एकट्या राहणाऱ्या व्यक्तीला आवर्जून कुणाच्या तरी शेजारी बसवावे. अशा कार्यक्रमाला ती येते ती घडीसाठी नव्हे, हे संयोजकांनी ध्यानात ठेवायला हवे.

मदतनीस आठ-दहा माणसांमागे एक असा हवा आणि त्यांनी आदल्या दिवशी निदान चार-पाच घन स्वतः करून हात बसवलेला असावा. माइकवरून सूचना देऊन घडी शिकवता येत नाही. दहा जणांच्या मध्ये बसून, आपले कार्ड त्यांच्याच दिशेने धरून, एकेक घडी सगळ्यांची होईपर्यंत थांबत पुढे जावे. ज्याला आधी जमले त्याला शेजाऱ्याला शिकवायला सांगावे. यात किशोरवयीन मुले विशेष उपयोगी पडतात. स्पर्धेच्या कार्यक्रमांपासून दूर राहणारी ही मुले शिकवण्याची जबाबदारी दिली की मनापासून काम करतात. सर्वांत देखणा घन, सर्वांत जलद घन असे बक्षीस मात्र ठेवू नये. बक्षीस आले की आजी घन नातवाच्या हाती सोपवून मागे सरकते.

टेबलावरचे पंखे बंद ठेवावेत किंवा कार्डांच्या गठ्ठ्यांवर वजन ठेवावे. उशिरा येणाऱ्यांसाठी आवरणाची कार्डे राखून ठेवावीत. त्यांना घन बांधायला वेळ नसला तरी एक जोडी घालून ती स्वतःच्या हाताने स्पंजवर बसवता येते.

एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. कुणाचा घन सैल झाला असेल तर तो लोक गेल्यावर गुपचूप उकलून नवा करू नये. सैल घनालाही जागा असते: वरच्या कड्यात, दोन कोपऱ्यांच्या मध्ये. तिथे त्याच्यावर कशाचाच भार येत नाही. उभ्या खांबांच्या मध्यावर येणारे चार घन तेवढे घट्ट निवडावेत, कारण वरचे सगळे वजन त्यांच्यावरून खाली जाते. आवरणाची कार्डे बसली की सैल घनही बराच ताठ होतो.

वीस घन जोडणे

जोडायच्या दोन बाजू समोरासमोर आणल्यावर एका घनाचे कान डावी-उजवीकडून आलेले आणि दुसऱ्याचे वर-खालून आलेले असले पाहिजेत. तसे नसेल तर एक घन पाव फेरा वळवावा. मग एका घनाचे कान बारीक उचलून दुसऱ्याच्या कानांखाली दोन्ही कडांकडून सरकवावेत आणि घन एकमेकांवर दाबावेत. कानात कान अडकले की जोड ओढूनही सहज सुटत नाही. बोट जात नाही तिथे आइस्क्रीमची चपटी काडी वापरावी.

प्रत्येक जोडाला कानांची दिशा शोधत बसू नये म्हणून सोपी युक्ती अशी: कोपऱ्यांचे आठही घन एकाच दिशेने ठेवावेत आणि कडांच्या मध्यावरचे बाराही घन त्यांच्या तुलनेत पाव फेरा वळवलेले ठेवावेत. स्पंजमध्ये कोपऱ्याला नेहमी कडेचाच घन लागतो, दोन कोपरे किंवा दोन कडा एकमेकांना कधी भिडत नाहीत, त्यामुळे एवढे पाळले की चोवीसही जोड आपोआप जुळतात. घन जोडायला घेण्याआधी कोपऱ्याच्या घनांवर पेन्सिलीने वरची आणि समोरची बाजू खुणावून ठेवावी.

आधी आठ घनांचे खालचे चौकोनी कडे करावे. त्याच्या मध्यावर रिकामी जागा राहते. मग चार कोपऱ्यांवर चार घन उभे करावेत. वरचे आठांचे कडे वेगळे तयार करून ते दोघांनी मिळून चारही खांबांवर एकाच वेळी उतरवावे आणि तिसऱ्याने काडीने कान सरकवावेत. या कामाला तीन-चार जणच पुरतात, पण ते कोपऱ्यात न करता सर्वांना दिसेल अशा टेबलावर करावे, कारण आपला घन कुठे गेला हे प्रत्येकाला पाहायचे असते.

आवरण आणि त्यातले गणित

आवरणाचे कार्ड बसवताना घनाच्या बाजूवरचे कान ज्या दिशेने आले आहेत त्याच्याशी काटकोनात ते धरावे आणि त्याचे पाठीकडे दुमडलेले दोन कान घनाच्या कानांखाली दोन्ही बाजूंनी सरकवावेत. बाहेर मग एक स्वच्छ रंगीत चौरस दिसतो. आधी बोगद्यांच्या आतल्या बाजू झाकाव्यात. बाहेरच्या झाकल्यानंतर आत हात नीट जात नाही. बाहेरचे चौरस ४८ आणि बोगद्यांच्या आतले २४ असतात, म्हणून बाहेर लाल आणि आत पिवळा असे दोन रंग वापरायचे असल्यास कार्डांची संख्या त्या हिशेबाने धरावी. आत पिवळा असला की बोगदे उजळ दिसतात.

येथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. भरीव घन असता तर त्याला बाहेरून ५४ चौरस लागले असते; आपण त्यातून सात घन काढून टाकले, तरी आवरणाला ७२ का लागले? मुले बोगद्यात बोट घालून चौरस मोजतात आणि उत्तर स्वतःच सांगतात. पुढच्या प्रत्येक पातळीला वस्तूचे आकारमान पूर्वीच्या २०/२७ एवढेच उरते आणि पृष्ठभाग मात्र वाढत जातो, हे त्यानंतर सांगितले तर ते त्यांना पटते, कारण पहिली पायरी त्यांनी हाताने मोजलेली असते.

मांडवात ठेवणे आणि पुढची पातळी

तयार स्पंज प्रत्येक बाजूने सहा इंचांचा आणि पाव किलोच्या आसपास वजनाचा होतो. तो मूर्तीसमोर, समईच्या आणि निरांजनाच्या जवळ ठेवू नये. प्रवेशाजवळच्या टेबलावर, डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवावा. आत उजेड हवा असेल तर बॅटरीवर चालणारी लहान एलईडी माळ मधल्या पोकळीत ठेवता येते. मांडवाचे छत गळत असेल तर रात्री तो कुणाच्या तरी घरी न्यावा. पावसाळी हवेने दोन-तीन दिवसांत जोड थोडे सैल होतात. दोन तळहातांमध्ये धरून चारी बाजूंनी दाबले की ते परत बसतात.

लोकांना गोडी लागली आणि उत्सवाचे दिवस हाती असतील तर दुसऱ्या पातळीचा विचार करावा. तो दीड फूट उंच, दीड फूट रुंद होतो, त्याला ३,४५६ कार्डे लागतात आणि ३०० जीएसएमच्या कागदात त्याचे वजन साडेचार-पाच किलोपर्यंत जाते. त्यासाठी पहिल्या पातळीचे वीस स्पंज करायचे, पण त्यांच्यावर आवरण घालायचे नाही; ज्या बाजू पुढे एकमेकींना जोडल्या जाणार आहेत त्यांचे कान मोकळे राहिले पाहिजेत. या वीस सांगाड्यांत २,४०० कार्डे जातात. पूर्वीप्रमाणेच कोपऱ्यांचे आठ स्पंज एका दिशेने आणि कडांचे बारा पाव फेरा वळवून ठेवले की कानांची दिशा जुळते. येथे एका जोडात एकाच वेळी आठ ठिकाणी कान अडकवावे लागतात आणि असे चोवीस जोड असतात, म्हणून हे काम गर्दीत न करता चार-पाच धीराच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी दुपारी करावे आणि शेवटची १,०५६ कार्डे आवरणासाठी पुन्हा सर्वांच्या हाती द्यावीत. एवढी कार्डे नव्याने विकत घेण्याऐवजी दोन-तीन शेजारच्या सोसायट्यांना सोबत घ्यावे; प्रत्येकीने सहा-सात स्पंज करून आणले तर एका मंडळावर ताण येत नाही.

उत्सव संपल्यावर स्पंजचे विसर्जन करू नये. सोसायटीच्या कार्यालयात किंवा वाचनालयात काचेच्या कपाटात तो वर्षभर राहू शकतो. जागा नसेल तर आवरण काढून घन सुटे करावेत आणि ज्या घराचा घन त्या घराला परत द्यावा. यासाठी जोडतानाच कोणता घन कुठे गेला याची एक आकृती कागदावर काढून ठेवलेली असावी. उरलेली कोरी आणि साधी छापील कार्डे रद्दीत देता येतात, कारण त्यांना गोंद किंवा चिकटपट्टी लागलेली नसते. सोनेरी मुलामा असलेले पत्रिकांचे तुकडे मात्र वेगळे काढून सुक्या कचऱ्यात टाकावेत.